मँडरिनसाठी तैपेईच
वर प्रश्न आलाय की मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, पक्की करायला एका सत्रासाठी हाँगकाँगला जावं की तैपेईला. माझं मत ठाम, तैपेईच. १९११ सालचं हाँगकाँग विद्यापीठ उत्तमच आहे, पण तिथे वर्गात इंग्रजी आणि रस्त्यावर कँटोनीज. मग मँडरिन कानावर पडणार किती? तैपेईत मात्र राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, गोंगग्वानच्या बाजारात साधे नूडल्स मागायचे तरी मँडरिनमध्येच. पण तिथली लिपी पारंपरिक, त्यामुळे चीनमध्ये वापरतात ती सरलीकृत, म्हणजे सोपी केलेली चिन्हं शिकून गेलात तर सुरुवातीला पाट्या वाचतानाही अडखळाल. थोडी तयारी इथूनच करा. या विद्यापीठाच्या आवारातली फू घंटा २१ ठोके देते. तिथले एकेकाळचे कुलगुरू फू स-न्येन म्हणायचे, दिवसाचे तास २१च, उरलेले ३ विचार करायला. मला ते फार आवडतं.