श्रद्धा, नास्तिकता आणि १९४८ची जाळपोळ

श्रद्धेने जास्त माणसं मारली की नास्तिकतेने, या वादात सोव्हिएत हुकूमशहा स्टॅलिनचे बळी नास्तिकतेच्या खात्यावर टाकतात आणि धर्मयुद्धांचे श्रद्धेच्या. ही वाटणी मला पटत नाही. आमच्या सातारा-सांगलीकडचंच बघा. ३० जानेवारी १९४८ला गांधीहत्या झाली आणि इकडे ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. पेटवणारे आणि पोळलेले एकाच धर्माचे, बहुतेक एकाच विठोबाचे. मारेकऱ्याची जात तीच शेजाऱ्याची, एवढं कारण पुरलं. जमीन, सावकारीचा जुना राग होताच. (आमच्याकडे यावर अजूनही दबक्या आवाजातच बोलतात.) हे कुठल्या खात्यावर टाकणार?

स्टॅलिनने चर्च पाडली, पाद्री मारले. तिथे सरकारी नास्तिकतेला सोडता येणार नाही, कबूल. पण १९४३मध्ये युद्धासाठी गरज पडताच त्यानेच चर्चला मोकळीक दिली आणि १९४४मध्ये कॉकेशसमधल्या अख्ख्या चेचेन समाजाला मध्य आशियात हाकललं. म्हणजे हिशोब नुसत्या नास्तिकतेचा नव्हता, सत्तेचाही होता. आणि सतराव्या शतकात युरोपात कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध धर्मयुद्ध म्हणून सांगतात, पण त्यातही १६३५मध्ये कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उतरला होता.

म्हणून श्रद्धेला क्लीन चिट मात्र नको. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २०१३मध्ये पुण्यात गोळ्या घातल्या, त्या काही बांधाच्या भांडणातून नव्हे. ते जादूटोणाविरोधी कायदा मागत होते.