मदत हवी आहे: मधुमेही मातांच्या बाळांमधली जन्मजात व्यंगं, धुळे-नंदुरबारमध्ये अभ्यास कसा आखावा?

प्रबंधासाठी हा विषय घेतला आहे. बऱ्याच मातांच्या कार्डावर नुसतं ‘शुगर’ लिहिलेलं असतं. आधीपासूनची शुगर आणि २४ व्या आठवड्यात निघालेली, दोन्ही एका गटात चालतील का? एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) सगळ्यांचं करावं का?

उत्तर १
ताई, एका गटात अजिबात नको. हृदय, मज्जारज्जू, मणके यांची घडण गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. कार्डावरचे आठवडे पाळीपासून मोजतात, म्हणून तिथे पाचवा ते दहावा धरा. तेव्हा साखर किती होती, हाच तुमचा खरा प्रश्न. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी १४० च्या वर आली, एवढ्यावरून साखर कधीपासून चढली ते कळत नाही. पहिल्या तिमाहीत उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५, किंवा त्याहून जास्त असेल तर आधीपासूनचा गट. तेव्हाचा आकडाच नसेल तर ‘अनिश्चित’ असा तिसरा गट करा, अंदाजाने कुठे ढकलू नका.

उत्तर २
एचबीए१सी करण्याआधी धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मातांचं सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) तपासा. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. एसएस (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेलं) असेल तर लाल पेशी १२० दिवस टिकतच नाहीत, एचबीए१सीवर विसंबू नका. तिथे फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी चाचणी) करा, पण ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचंच सांगतं, म्हणून लवकर घ्यावं लागतं. लोह कमी असलं तर उलट एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) सोबत नोंदवा. साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या फ्लोराइड बाटलीत घेऊन लगेच बर्फात ठेवा. साध्या बाटलीत तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त.

ताई
आभार! बाळांची नोंदणी एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातून) करायची आहे.

उत्तर १
तिथेच घात होईल. सोनोग्राफीत व्यंग दिसून गर्भपात झालेले आणि मृतजन्म एसएनसीयूत येतच नाहीत, आणि कवटी न बनलेली बाळं नेमकी त्यांतच असतात. प्रसूतिगृहाचं आणि गर्भपाताचं रजिस्टरही घ्या. हृदयाच्या पडद्याचा जाडपणा व्यंगात धरू नका, तो काही महिन्यांत उतरतो. ३७ आठवड्यांआधीच्या बाळाचं पीडीएसुद्धा (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी उघडी राहणं) नको. प्रत्येक बाळ पालथं करून नितंबांमधली घळ बघा. ती आखूड, चपटी दिसली तर माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचा (सेक्रमचा) एक्स-रे काढाच. तिथलं हाड न बनणं एरवी फार दुर्मीळ, मधुमेही मातांच्या बाळांत मात्र कैक पटींनी जास्त, आणि घाईच्या तपासणीत हमखास सुटतं.