पंपहाऊसजवळचा साप आणि तो फॉरवर्ड

सी-१०२: काल रात्री पंपहाऊसजवळच्या साचलेल्या पाण्यात हा दिसला. फोटो बघा. अंगावर चौकडे, मान चपटी करून फूत्कारत होता. नाग आहे का? वॉचमन काठी घेऊन निघाला होता, मी थांबवलं.

बी-४०३: सकाळी मी टाकलेला फॉरवर्ड वाचा. डोळ्यातली बाहुली उभी असेल तर विषारी, गोल असेल तर बिनविषारी. सगळं अंग पाण्यावर ठेवून पोहत असेल तरी विषारी.

ए-६०१: ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. ही पाणदिवड, म्हणजेच विरोळा. बिनविषारी. डोळ्याच्या खाली आणि मागे दोन तिरक्या काळ्या रेघा आहेत ना, ती तिची खूण. चिडकी असते, डिवचलं की कडकडून चावते. मान चपटी करते म्हणून नाग समजून मारली जाते. खाते मासे आणि बेडूक.

काका, राग मानू नका, पण तो फॉरवर्ड डिलीट करा. तो अमेरिकेतल्या दलदलीतल्या कॉटनमाउथवरून बनवलाय. तो साप खरंच अंग पाण्यावर ठेवून पोहतो, पण भारतात तो नाहीच. बाहुलीचा नियम तर आपल्याकडे जीवघेणा आहे. नाग आणि मण्यार, दोघांचीही बाहुली गोल असते! उलट बिनविषारी दुरक्या घोणसाची उभी. आणि बाहुली बघायला इतक्या जवळ जायचंच कशाला?

बी-४०३: केला डिलीट. मग खाडीला लागून राहणाऱ्यांनी ओळखायचं कसं?

ए-६०१: कांदळवनाच्या चिखलात राखाडी, बारीक डोळ्यांचा दिसतो तो श्वानमुखी पाणसाप. सौम्य विषारी, माणसाला त्याचा धोका नाही. पण खाडीतल्या सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप. मेलेला वाटला तरी हात लावू नका. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते, समुद्रसापाच्या नाही.

फुरसं कोरड्या, खडकाळ जागेतलं, दलदलीत नसतं. नाग आणि घोणस उंदरांमागे राडारोड्यात येतात. घोणस जाडजूड, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, फूत्कार लांबलचक.

मला खरी काळजी मण्यारची वाटते. काळी चकचकीत, अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक होत जाणाऱ्या. (तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाचं उलट, त्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट.) रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. मग पोटात कळा, पापण्या जड, बोलणं अडखळतं. लोक अपचन समजून ओवा देतात आणि तेवढ्यात श्वास बंद पडू लागतो.

डी-२०५: चावलेला साप पकडून डॉक्टरांना दाखवावा लागतो ना?

ए-६०१: अजिबात नाही. त्या चारही सापांवर एकच लस असते, डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. लांबून फोटो मिळाला तर ठीक. दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा. भारतात २००० ते २०१९ मध्ये सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा २०२० सालच्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, दवाखान्यापर्यंत न पोचलेली. आपल्याला रस्ता आहे, गाडी आहे. वेळ घालवायला काही कारण नाही.

सेक्रेटरी: सर्पमित्र बोलवायचा का?

ए-६०१: पाणदिवडीसाठी नको, ती जाईल आपली आपण. घरात किंवा जिन्यात साप आला तर बोलवा. माझी विनंती वेगळी आहे. आपले रात्रपाळीचे वॉचमन केबिनमध्ये खाली चटईवर झोपतात. त्यांना खाट आणि मच्छरदाणी सोसायटीने घेऊन द्यावी.

सी-१०२: माझा होकार. पंपहाऊसमागचा राडारोडाही उचलायला सांगा.

सेक्रेटरी: दोन्ही मंजूर. खाटा आजच आणतो.

ए-६०१: मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी लागते, तरच उपयोग. संध्याकाळी मी केबिनमध्ये येऊन दाखवतो.