सल्ला हवा: हवेचा मीटर भिंतीवर लावला, तर लोक खिडकी उघडतील का?

उंबरठा: आमच्या खोलीत बारा जण बसतात आणि दुपारनंतर जांभयांची साथ येते. खिडक्या उघडता येतात, पण कोणी उठत नाही. कार्बन डायऑक्साइडचा आकडा समोर दिसला तर सवय बदलेल का? पैसे एका साध्या मीटरपुरतेच आहेत.

निरभ्र: एकाने काय होणार? मी घरात पाच बसवले असून सर्वांचे आलेख फोनवर पाहतो. पहाटे शयनगृहात २,१०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे इतके भाग) दिसल्यापासून दार उघडे ठेवूनच झोपतो.

जुनी_कडी: इन्फ्रारेड किरणांनी कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा संवेदक नसलेला मीटर घेऊ नका. माझा स्वस्तातला मीटर हा वायू मोजतच नव्हता. हवेतल्या इतर बाष्पांवरून अंदाज बांधत होता. शेजाऱ्याने हाताला सॅनिटायझर चोळताच आकडा ३,०००च्या वर गेला, तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो.

ताळेबंद: १,००० पीपीएम ओलांडले की विषबाधा होते, असे समजू नका. ही मर्यादा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली, ती माणसांच्या वावराने हवा किती कोंदट झाली याची खूण म्हणून. बाहेरच्या हवेतही सुमारे ४२० पीपीएम असतोच.

निरभ्र: म्हणूनच म्हणतो, पाच घ्या.

दक्षिणवारा: मूळ प्रश्न सवयीचा आहे. आमच्याकडे पहिले तीन आठवडे लाल दिवा लागताच दोघे-तिघे उठत. पुढे तो भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा झाला. आकडा सर्वांना दिसतो, पण उठायचे कोणी हे ठरलेले नसते, आणि खिडकीशेजारी बसणाऱ्याला गार वारा लागतो तो वेगळाच. शेवटी आम्ही पाळ्या लावल्या, तेव्हा कुठे खिडकी नियमित उघडू लागली. मीटर मात्र खिडकीच्या झोतात किंवा कोणाच्या तोंडासमोर ठेवू नका.

ताळेबंद: खिडकी रहदारीच्या बाजूला असेल, तर कार्बन डायऑक्साइड उतरेल आणि सूक्ष्म धूळ चढेल. आमच्याकडे यावरून एसीवाले आणि खिडकीवाले असे दोन तट पडले, ते अजून बोलत नाहीत.

जुनी_कडी: इन्फ्रारेडच घ्या, पुन्हा सांगतो.

उंबरठा: सर्वांचे आभार. आकडा पाहून वाद होतील असे वाटल्याने नुसता तीन रंगांच्या दिव्याचा मीटर घेतला आणि मधल्या खांबावर टांगला. पाळ्या लावलेल्या नाहीत. आतला संवेदक कोणता, हे खोक्यावर लिहिलेले नाही. उद्या सॅनिटायझर घेऊन जातो.