जनरेटरची ट्रॉली ओढायला ३.७३ की ४.१०?

दादा, कळव्याहून घोडबंदरला जनरेटरची ट्रॉली नेताना गायमुख घाटात पिकअप ओढत नाही, म्हणून मागचा ३.७३ चा क्राउन-पिनियन (चाकं फिरवणारी गिअरची जोडी; ३.७३ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.७३ फेरे) काढून ४.१० चा टाकू का, असं विचारलंय तुम्ही. खुशाल टाका. चाकावर साधारण १० टक्के जास्त जोर येतो. आरपीएमही (इंजिनचे मिनिटाला फेरे) तेवढेच वाढतात, आज २००० वर चालणारं इंजिन त्याच वेगाला २२०० वर जाईल. डिझेलला ते सहज झेपतं.

पण आधी टायर बघा. मोठे चढवले असतील तर निम्मं दुखणं तिथेच आहे, मूळ साइजवर या आणि मग ठरवा.

४१-११ दातांची जोडी म्हणजे ३.७३, ४१-१० म्हणजे ४.१०. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, फोर बाय फोर असेल तर पुढचेही. बॅकलॅश, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजने लावायला सांगा. दातांना रंग लावून खूण मधोमध उमटते का, हे स्वतः उभं राहून बघा. घाईत बसवलेला क्राउन हमखास घूं घूं करतो. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर ट्रॉली अजिबात जोडू नका, मग डिफरन्शियलचं (ही जोडी बसते त्या डब्याचं) ऑइल बदला.