याक-५२ मध्ये हिस्सा घ्यावा का?

निळीवाट:
माझं पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) झालंय, आजवर फक्त सेस्ना उडवलंय. चौघांच्या मालकीच्या एका याक-५२ मधला (दोन आसनी, कसरतींचं शिकाऊ विमान) एक हिस्सा विकायला निघालाय. विमान १९८० च्या दशकातलं, रुमानियात बाकाऊच्या कारखान्यात बनलेलं. एरोबॅटिक्स (विमानाच्या हवेतल्या कसरती) शिकायचंच आहे, त्यामुळे जीव अडकलाय. पैसे देण्याआधी नेमकं काय बघू? आणि यात सगळं हवेवर चालतं म्हणतात, ते कितपत भरवशाचं?

नऊसिलिंडर:
मीही अशाच भागीदारीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हवा. इंजिन सुरू करणं, चाकं वर-खाली करणं, फ्लॅप (पंखावरच्या झडपा), ब्रेक, सगळं दाबाखालच्या हवेवर. बाटली पूर्ण भरली की काटा ५० च्या आसपास दिसतो आणि उडताना इंजिनवरचा छोटा कॉम्प्रेसर ती भरत राहतो. संध्याकाळी काटा बघून ठेवा, कॉकपिटमधला मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि सकाळी परत बघा. काटा बराच उतरला असेल तर मालक म्हणतील, 'या विमानांचं असंच असतं.' नसतं. सील आणि जोड वेळच्या वेळी बदलले की हवा टिकते. चाकं उतरवायला वेगळी आपत्कालीन बाटली आहे, तिचाही काटा बघा.

आता तेल, आणि इथे घाई नको. याचं एम-१४पी हे नऊ सिलिंडरांचं, ३६० अश्वशक्तीचं रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडरं गोलाकार मांडलेली, काही खाली तोंड केलेली. विमान उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत जमतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि वाकलेला रॉड त्या दिवशी काही बोलत नाही, पुढे कधीतरी उडताना तुटतो. म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) बंद आहेत हे दोनदा बघून, नऊही सिलिंडरं फिरून होईपर्यंत पंखा (प्रॉपेलर) हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश ओढायचा. कॉम्प्रेशनचा दाब हाताला मऊ लागतो, हळूहळू सुटतो. तेल असेल तर पंखा भिंतीला टेकल्यासारखा जागीच थांबतो. तिथे जोर लावू नका आणि उलटाही फिरवू नका. उलटा फिरवला की तेल इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) नळीत जातं आणि इंजिन सुरू होताच परत आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढा, तेल वाहून जाऊ द्या. चौघांपैकी प्रत्येकजण हे करतो का, ते स्वतः उभं राहून बघा. एकाने जरी टाळलं, तरी इंजिन चौघांचंच जाणार आहे. माझ्या मते हिस्सा घेताना विमानापेक्षा माणसं जास्त तपासावीत.

डावापाय:
वरच्याशी सहमत. सेस्नावरून येताय म्हणून एक भर: याचा पंखा उलट्या बाजूला फिरतो, त्यामुळे टेकऑफला उजवा नाही, डावा रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालतं) लागतो. जमिनीवर पुढचं चाक मोकळं फिरतं. वळायला रडर दाबून स्टिकवरची ब्रेकची कळ ओढायची, फुस्स आवाज येतो आणि नाक वळतं. चाकं वर घेतली तरी ती पोटाखाली बाहेरच दिसतात, पोटावर उतरायची वेळ आली तरी सांगाडा बऱ्यापैकी वाचतो. पंखा मात्र जातोच.

निळीवाट:
खूप आभार दोघांचेही. उलटं किती वेळ उडता येतं? आणि पुढे बसून शिकायचं की मागे?

नऊसिलिंडर:
पुढे. शिक्षक मागे बसतो, आणि एकट्याने उडवतानाही पुढेच बसायचं. उलट्या उड्डाणासाठी ५.५ लिटरची वेगळी छोटी टाकी आहे, जेमतेम दोन मिनिटांची. शिकताना तेवढं खूप झालं, रक्त डोक्यात उतरल्यावर दोन मिनिटं फार लांब वाटतात. मर्यादा अधिक ७ आणि उणे ५ जी (गुरुत्वाच्या किती पट जोर पडतो ते). त्यामुळे जी-मीटरवर काय दिसलं ते प्रत्येक उड्डाणानंतर लिहिलं जातं का, तेही विचारा.

लॉगबुकाच्या पानांचे फोटो मिळाले तर इथे टाका. विमानाच्या दोन्ही बाजूंच्या पंखांतल्या स्पारच्या (आतल्या मुख्य तुळईच्या) नोंदी आधी बघू.