प्रति: विमच्या मराठी धड्याची मांडणी

वर दोघांनी सुचवलंय की विमच्या (कीबोर्डवरच्या कमांडनी मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्रामच्या) मराठी धड्यात प्रत्येक कमांड ठळक करावी अन् सूचनांना चौकटी टाकाव्यात. माझं मत उलटं आहे. हा धडा विममध्येच उघडायचा, साधा मजकूर म्हणून. तिथं ठळक काही होत नाही, ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना टाकलेल्या फुल्या तेवढ्या दिसतात अन् नवखा पोरगा त्याही टाइप करून बसतो. चौकटी तर देवनागरीत टिकतच नाहीत. जोडाक्षरांची रुंदी टर्मिनलवर, म्हणजे विम चालतो त्या नुसत्या मजकुराच्या खिडकीत, सारखी येत नाही, उजवीकडची रेघ नांगराच्या वाकड्या तासासारखी जाते.

मूळ विमट्यूटरमध्ये, म्हणजे विमच्या इंग्रजी धड्यात, सरावाच्या ओळीआधी बाण असतो, तोच राहू द्या. फक्त बिघडलेली ओळ आणि तिच्याखालची दुरुस्त ओळ एकाच पडद्यावर दिसली पाहिजे. आमच्याकडे शाळेत जुने मॉनिटर आहेत. मागच्या बाकासाठी अक्षर मोठं केलं की लांब ओळ मोडते. म्हणून ओळी आखूड, अन् टॅबऐवजी स्पेस.

वाक्यंही आपली घ्या. इंग्रजीत चंद्रावरून उडी मारणारी गाय आहे. 'कपाशीची डवरणणी झाली' दिलं तर जास्तीचा ण पोट्ट्यांना दाखवावा लागत नाही, अक्षर खोडणारा एक्स दाबून मोकळे!

अन् एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. मराठी कीबोर्ड चालू असला की नॉर्मल मोडमध्ये (जिथं कळ दाबली की अक्षर उमटत नाही, कमांड चालते) कमांड लागतच नाहीत. पोट्टे म्हणतात, "सर, हे हँग झालं." 'एस्केप दाबा, कीबोर्ड इंग्रजीवर आणा' ही ओळ प्रत्येक पाठाच्या माथ्यावर टाका, वर-खाली रिकामी ओळ सोडून. पहिल्या पाठात एकदा सांगून भागत नाही.